शब्दांच्या स्मरणावर रंगाचा परिणाम : एका वर्गप्रयोगाची मांडणी व अन्वयार्थ

प्रस्तावना

परीक्षा जवळ आल्या की विद्यार्थ्यांच्या वह्या आणि पाठ्यपुस्तके रंगू लागतात. व्याख्या पिवळ्या रंगात, सनावळ्या गुलाबी रंगात, महत्त्वाची नावे हिरव्या रंगात, अशी विभागणी करून पानेच्या पाने रंगविली जातात. रंगीत पेनांचे संच खरेदी करणारा विद्यार्थी आणि त्यासाठी पैसे देणारे पालक या दोघांच्याही मनात एक समजूत पक्की असते, ती म्हणजे रंगीत मजकूर अधिक लक्षात राहतो. दहावी व बारावीच्या परीक्षांत कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात आघाडीवर राहिला आहे आणि या विभागीय मंडळाचे कार्यालय रत्नागिरीतच आहे. परीक्षेतील यशाला एवढे महत्त्व असलेल्या जिल्ह्यात ही समजूत खरी आहे काय, हे तपासून पाहणे हा केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय राहत नाही. विद्यार्थ्याचा वेळ मर्यादित असतो. पान रंगविण्यात गेलेला अर्धा तास त्याच्या अभ्यासातूनच वजा होत असतो.

मानसशास्त्राच्या पदवी वर्गांत प्रात्यक्षिकासाठी रंग आणि शब्दस्मरण हा विषय वारंवार निवडला जातो. साहित्य स्वस्त असते, प्रयोग एका तासिकेत पूर्ण होतो आणि विद्यार्थ्यांना विषय आवडतो. परंतु दिसावयास सोपा असलेला हा प्रयोग काटेकोरपणे करणे बरेच अवघड आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तिहेरी आहे. रंग व स्मरण यांच्या संबंधाविषयी आजवर काय ज्ञात झाले आहे ते सांगणे, मराठी भाषक विद्यार्थ्यांवर असा प्रयोग कसा करावा याची मांडणी करणे, आणि त्याच्या निष्कर्षांचा अर्थ लावताना कोणती सावधगिरी बाळगावी हे स्पष्ट करणे.

स्मरणाच्या मापनाची पार्श्वभूमी

स्मरणाचे प्रायोगिक मापन हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने सुरू केले. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथासाठी त्याने सुमारे २३०० निरर्थक शब्दावयव तयार केले आणि स्वतःवरच प्रयोग केले. शब्दांना पूर्वीचे अर्थ व आठवणी चिकटलेल्या असतात. त्यांचा परिणाम टाळावा म्हणून त्याने निरर्थक साहित्य निवडले होते. प्रयोगात मोजावयाच्या घटकाखेरीज बाकीचे घटक शक्य तेवढे स्थिर ठेवावेत, हा धडा त्याच्या कामातून मिळतो आणि रंगाच्या प्रयोगातही तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राच्या अध्यापनास प्रारंभ झाला. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठात १९५० मध्ये या विषयाचा विभाग सुरू झाला.

स्मरणाच्या प्रक्रियेत तीन टप्पे मानले जातात. माहितीचे संकेतन, तिची साठवण आणि गरजेच्या वेळी तिचे प्रत्यावाहन. स्मरण तपासण्याच्या दोन पद्धती विशेष रूढ आहेत. पाहिलेले शब्द मदतीशिवाय आठवून लिहिणे म्हणजे प्रत्यावाहन होय. दिलेल्या अनेक शब्दांतून पूर्वी पाहिलेले शब्द ओळखणे म्हणजे प्रत्यभिज्ञा होय. या दोहोंतील भेद नजरेआड केल्यास चुकीचे निष्कर्ष निघतात. विख्मान, शार्प व गेगेनफुर्टनर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निसर्गदृश्यांची रंगीत चित्रे कृष्णधवल चित्रांपेक्षा ५ ते १० टक्के अधिक अचूकतेने ओळखली गेली. तथापि तेथे चित्रे होती, शब्द नव्हते, आणि कसोटी प्रत्यभिज्ञेची होती. शिवाय चित्रांतील रंग अनैसर्गिक केले असता हा लाभ नाहीसा झाला. हिरवे गवत हिरवे असणे हा त्या दृश्याच्या अर्थाचाच भाग असतो. 'गणित' हा शब्द निळ्या शाईत छापला तर तो निळेपणा मात्र त्या शब्दाच्या अर्थाचा भाग होत नाही. चित्रांवरील निष्कर्ष शब्दांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, ते यामुळेच.

रंग आणि शब्द : तीन निराळे प्रश्न

'रंगाने स्मरण सुधारते काय?' या एका प्रश्नात प्रत्यक्षात तीन निराळे प्रश्न दडलेले आहेत. ते वेगळे केल्याशिवाय प्रयोगाची मांडणी करता येत नाही.

पहिला प्रश्न असा की, शब्दाचा अर्थ आणि त्याचा रंग यांचा एकमेकांशी संबंध येतो तेव्हा काय घडते? या संदर्भातील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग जॉन रिडली स्ट्रूप याचा आहे. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात रंगांची नावे विसंगत शाईत छापली होती. उदाहरणार्थ, 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत. प्रयुक्तांनी, म्हणजे प्रयोगात भाग घेणाऱ्या व्यक्तींनी, शब्द न वाचता शाईचा रंग सांगावयाचा होता. १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगण्यास सरासरी सुमारे ६३ सेकंद लागले. विसंगत शब्दांच्या बाबतीत हाच काळ सुमारे ११० सेकंद झाला, म्हणजे जवळजवळ ७४ टक्क्यांनी वाढला. साक्षर व्यक्तीला वाचन इतके अंगवळणी पडलेले असते की ते थांबविणे तिच्या हाती राहत नाही. या प्रयोगात स्मरण मोजले जात नाही, अवधानातील संघर्ष मोजला जातो. अनेक प्रयोगवह्यांत स्ट्रूपचा दाखला देऊन रंगाचा स्मरणावर परिणाम होतो असे विधान केलेले असते. तो दाखला तेथे गैरलागू आहे.

दुसरा प्रश्न असा की, अनेक सारख्या शब्दांत एखादाच शब्द वेगळ्या रंगात असेल तर तो अधिक लक्षात राहतो काय? याचे उत्तर होकारार्थी आहे. बर्लिन येथे संशोधन करणाऱ्या हेडविग फॉन रेस्टोर्फ यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की एकसारख्या घटकांच्या यादीतील वेगळा घटक अधिक आठवतो. त्यांच्या नावानेच हा परिणाम ओळखला जातो. महत्त्वाची गोष्ट अशी की, वेगळा घटक यादीच्या अगदी आरंभी, म्हणजे वेगळेपण जाणवण्याआधीच आला तरी हा लाभ दिसतो. केवळ आश्चर्य वाटल्यामुळे तो लक्षात राहतो, हे स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे ठरते. येथे रंगाचा स्वतःचा असा काही गुण नाही. काळ्या शब्दांत एक लाल शब्द जसा उठून दिसेल, तसाच लाल शब्दांत एक काळा शब्दही दिसेल. लाभ रंगाचा नसून वेगळेपणाचा आहे. अर्थातच संपूर्ण पान रंगविले की हा लाभ संपतो.

तिसरा प्रश्न असा की, संपूर्ण यादीच एका विशिष्ट रंगात किंवा विशिष्ट रंगाच्या पार्श्वभूमीवर दिली तर स्मरण बदलते काय? रंगांच्या प्रभावाविषयीच्या लोकप्रिय विधानांचा रोख बहुधा याच प्रश्नाकडे असतो. येथील पुरावा मात्र डळमळीत आहे.

वातावरणातील रंगाचा दावा आणि त्याची फेरतपासणी

रवी मेहता व रुई झू या संशोधकांचा एक निबंध २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संगणकाच्या पडद्याची पार्श्वभूमी लाल असता तपशिलाकडे लक्ष देण्याची कामे चांगली होतात आणि त्यांत शब्दांच्या स्मरणाचाही समावेश होतो, तर निळ्या पार्श्वभूमीमुळे कल्पकतेची कामे चांगली होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. वृत्तपत्रांतून त्यास मोठी प्रसिद्धी मिळाली. तथापि याच निबंधातील शब्दकोड्यासारख्या एका कामाची पुनरावृत्ती केनेथ स्टील यांनी केली तेव्हा रंगाचा अपेक्षित परिणाम आढळला नाही. त्यांचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच्या उलट दिशेचा दावाही उपलब्ध आहे. अँड्र्यू एलियट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये असे मांडले की, कसोटीपूर्वी लाल रंगाचे ओझरते दर्शन झाल्यास बौद्धिक कामगिरी खालावते. उत्तरपत्रिकेवरील क्रमांक लाल शाईत लिहिलेला असणे एवढेही त्यास पुरेसे ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. या विषयावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. लाल रंगाच्या अशा परिणामास फारसा भक्कम आधार नाही, असे त्यातून दिसून आले. एका बाजूस लाल रंग कामगिरी सुधारतो असा दावा आणि दुसऱ्या बाजूस तो कामगिरी बिघडवितो असा दावा, आणि फेरतपासणीत दोन्ही क्षीण होत जाणारे, अशी ही परिस्थिती आहे.

मानसशास्त्रात असे घडणे अपवादात्मक नाही. २०१५ मध्ये एका व्यापक सहकारी प्रकल्पाने १०० प्रसिद्ध अभ्यासांची पुनरावृत्ती केली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के अभ्यासांत सार्थक परिणाम नोंदविलेला होता. पुनरावृत्तीत तो केवळ ३६ टक्के अभ्यासांत आढळला. यावरून विषयच खोटा आहे असे मानण्याचे कारण नाही. मात्र एखादा निष्कर्ष नामांकित नियतकालिकात आला एवढ्याने तो सिद्ध होत नाही, हे ध्यानात घ्यावे लागते. शिवाय रंगांचे अर्थ संस्कृतीनुसार बदलतात. आपल्याकडे लाल रंग कुंकवाचा आहे आणि उत्तरपत्रिकेतील चुकांवर मारलेल्या रेघेचाही आहे. उत्तर अमेरिकेतील विद्यार्थ्यांवर मिळालेला निष्कर्ष रत्नागिरीतील विद्यार्थ्यांना लागू पडेलच असे गृहीत धरता येत नाही. तो येथे तपासूनच पाहावा लागेल. आपल्या महाविद्यालयांतील लहान प्रयोगांचे खरे मूल्य या तपासणीत आहे.

मराठी शब्दसाहित्याची निवड

इंग्रजी पुस्तकांतील शब्दयाद्यांचे भाषांतर करून प्रयोग करणे ही आपल्याकडील सर्रास आढळणारी त्रुटी आहे. भाषांतरात शब्दाची लांबी, परिचितता आणि भावार्थ हे सर्व बदलते. यादी मूळ मराठीतच तयार करावी. ती करताना पुढील बाबी सांभाळाव्यात.

पहिली बाब शब्दाच्या लांबीची. बॅडले, थॉमसन व बुकॅनन यांनी १९७५ मध्ये दाखविले की, उच्चारास कमी वेळ लागणारे शब्द तात्काळ स्मरणात अधिक राहतात. मराठीत लांबी अक्षरांवरून धरावी. 'माड' आणि 'खलबत्ता' हे शब्द एका यादीत घेतल्यास त्याच लांबीचे शब्द इतर याद्यांतही असावेत.

दुसरी बाब परिचिततेची. 'पोफळ' हा शब्द किनारपट्टीवरील विद्यार्थ्यास जितका जवळचा असतो तितका देशावरून शिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्यास नसतो. 'कणगी' किंवा 'मोट' यांच्या बाबतीत याच्या उलटही होऊ शकते. शब्द सर्वांस सारखेच परिचित आहेत की नाहीत, हे प्रयोगात भाग न घेणाऱ्या विद्यार्थ्यांकडून आधी तपासून घ्यावे.

तिसरी बाब अनेकार्थी शब्दांची. 'हलवा' हा शब्द रत्नागिरीत मासा सुचवितो आणि मिठाईही. असा शब्द कोणत्या गटात बसेल ते प्रत्येकाच्या मनावर अवलंबून राहते. ते शब्द वगळावेत.

चौथी बाब या प्रयोगाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. मराठीत अनेक रंगांची नावे वस्तूंवरून आली आहेत. जांभळा जांभळावरून, आमसुली आमसुलावरून, राखाडी राखेवरून, तपकिरी तपकिरीवरून, अबोली त्याच नावाच्या फुलावरून. त्यामुळे 'जांभूळ' हा शब्द जांभळ्या शाईत आला तर वस्तू व रंग यांची सुसंगती निर्माण होते, आणि 'रक्त' हा शब्द निळ्या शाईत आला तर विसंगती. अशा वेळी मोजला जाणारा परिणाम केवळ रंगाचा राहत नाही. ज्या शब्दांना ठरावीक रंग चिकटलेला आहे ते यादीत घेऊ नयेत. 'जांभा' या शब्दाबरोबर येथील विद्यार्थ्याच्या मनात तांबडा रंग आपोआप येतो, हेही विसरू नये.

प्रयोगाची मांडणी

शून्य गृहीतक असे असावे : संपूर्ण शब्दयादीच्या शाईचा रंग बदलल्याने आठवलेल्या शब्दांच्या संख्येत सार्थक फरक पडत नाही. शाईचा रंग (लाल, निळा, काळा) हे स्वतंत्र परिवर्त्य होय आणि अचूक आठवलेल्या शब्दांची संख्या हे अवलंबी परिवर्त्य होय.

प्रत्येकी १५ शब्दांच्या क, ख, ग अशा तीन याद्या घ्याव्यात. क यादी नेहमी लालच ठेवली तर मिळालेला फरक रंगामुळे आहे की यादीच सोपी होती म्हणून आहे, हे कळणार नाही. प्रत्येक यादी आळीपाळीने प्रत्येक रंगात यावी यासाठी तीन जुळण्या लागतात. रंगांचा क्रमही बदलावा लागतो, कारण पहिल्या यादीच्या वेळी प्रयुक्त ताजातवाना असतो आणि तिसऱ्या यादीच्या वेळी आधीचे शब्द मध्ये लुडबूड करतात. तीन रंगांचे सहा क्रम होतात. तीन जुळण्या आणि सहा क्रम मिळून १८ प्रकार होतात. ३६ प्रयुक्त घेतल्यास प्रत्येक प्रकारास दोन प्रयुक्त मिळतात. कोणास कोणता प्रकार द्यावयाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे.

रंगाचेही काही गुण नियंत्रित करावे लागतात. रंगछटा, संपृक्तता आणि तेजस्विता हे रंगाचे तीन पैलू आहेत. पांढऱ्या कागदावर पिवळी शाई नीट वाचताच येत नाही. तेव्हा पिवळ्या यादीतील कमी गुण हे स्मरणाचे नसून वाचनाच्या अडचणीचे असतात. याच कारणाने येथे पिवळा रंग घेतलेला नाही. लाल व निळा या छटाही सारख्याच गडद असाव्यात. पावसाळ्यात रत्नागिरीत दुपारीही वर्गात अंधारून येते. त्यामुळे सर्व सत्रे एकाच खोलीत, सारख्या दिव्यांच्या प्रकाशात आणि शक्यतो एकाच वेळी घ्यावीत. लाल-हिरवा रंगभेद न जाणवणे हा दोष आनुवंशिक असून तो मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक आढळतो. शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये तयार केलेल्या तक्त्यांनी तो सहज ओळखता येतो. अशी तपासणी एकेकट्याने व खाजगीत करावी आणि तिचा निकाल वर्गात उघड करू नये.

कार्यपद्धती व गुणदान

प्रत्येक शब्द दोन सेकंद दाखवावा. यादी संपताच प्रयुक्तास १९७ या संख्येतून तीन-तीन वजा करीत अर्धा मिनिट मोजण्यास सांगावे. याचे कारण असे की, यादीच्या शेवटचे शब्द क्षणभर मनात घोळत असतात आणि ते लगेच लिहून टाकले जातात. ग्लान्झर व कुनिट्झ यांनी १९६६ मध्ये दाखविले की, मध्ये ३० सेकंदांचे दुसरे काम दिल्यास शेवटच्या शब्दांचा हा लाभ नाहीसा होतो, मात्र आरंभीच्या शब्दांचा लाभ टिकून राहतो. त्यानंतर दोन मिनिटांत आठवतील ते शब्द कोणत्याही क्रमाने लिहावयास सांगावे. सर्व उत्तरे पांढऱ्या कागदावर पेन्सिलीनेच लिहिली जावीत.

प्रत्येक अचूक शब्दास एक गुण द्यावा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसाठी गुण कापू नयेत, कारण येथे शुद्धलेखनाची परीक्षा नाही. समानार्थी शब्दास गुण देऊ नये. यादीत नसलेले पण लिहिले गेलेले शब्द वेगळे नोंदवावेत. गुण देणाऱ्यास कोणती उत्तरपत्रिका कोणत्या रंगाची आहे हे ठाऊक नसावे, त्यासाठी केवळ सांकेतिक क्रमांक वापरावेत. शेवटी प्रयुक्ताचा अंतर्निरीक्षण अहवाल घ्यावा. शब्द लक्षात ठेवण्यासाठी काय केले, हा प्रश्न जरूर विचारावा. कोणी गोष्ट रचलेली असते, कोणी शब्द मनात घोकलेले असतात. रंगाचा उल्लेख किती जण आपणहून करतात हे पाहणेही उद्बोधक ठरते. प्रयुक्तांची संमती आधी घ्यावी आणि ही बुद्धिमत्तेची कसोटी नाही, हे त्यांना स्पष्टपणे सांगावे.

याच्या जोडीने आणखी एक छोटा प्रयोग करता येतो. मासे, झाडे व स्वयंपाकघरातील वस्तू अशा तीन वर्गांतील प्रत्येकी पाच शब्द सरमिसळ करून द्यावेत. 'बांगडा', 'सुरमई', 'फणस', 'परात', 'विळी' अशा स्वरूपाचे हे शब्द असावेत. एका गटास वर्गवार रंग द्यावा, म्हणजे सर्व मासे एका रंगात व सर्व झाडे दुसऱ्या रंगात. दुसऱ्या गटास तेच रंग वाटेल तसे विखरून द्यावेत. रंगीत शब्दांची संख्या दोन्हीकडे सारखीच राहते, फरक केवळ रंगाला काही अर्थ आहे की नाही याचा असतो. बाउसफील्ड यांनी १९५३ मध्ये दाखविले होते की, सरमिसळ करून दिलेले शब्दही माणसे आठवताना वर्गवार एकत्र करून सांगतात. रंग या मांडणीस साहाय्य करतो काय, हे या प्रयोगातून कळू शकेल.

निष्कर्षांचा अन्वयार्थ

येथे सर्वाधिक चुका होतात. समजा, २० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला आणि त्यांपैकी १४ जणांना लाल यादीतील शब्द काळ्या यादीपेक्षा अधिक आठवले. प्रथमदर्शनी हा पुरावा प्रभावी वाटतो. परंतु रंगाचा कोणताही परिणाम नाही आणि प्रत्येकाचा कल नाणेफेकीने ठरतो असे मानले, तरी १४ किंवा अधिक जण लाल यादीकडे झुकण्याची शक्यता १०० मध्ये सुमारे ६ इतकी असते. लाल किंवा काळी, यांपैकी कोणत्याही एका बाजूस एवढा झुकाव दिसण्याची शक्यता १०० मध्ये सुमारे १२ होते. म्हणजे अनेक महाविद्यालयांनी हा प्रयोग केला, तर काहींना केवळ योगायोगाने 'परिणाम' सापडणारच. ज्यांना तो सापडला त्यांनीच निबंध लिहिले आणि इतरांनी प्रयोगवह्या कपाटात ठेवून दिल्या, तर वाचकांपुढे येणारे चित्र खोटे असेल, जरी त्यातील प्रत्येक निबंध प्रामाणिकपणे लिहिलेला असला तरी.

हाच धोका एका प्रयोगातही असतो. ५ टक्के सार्थकता पातळीवर पाच स्वतंत्र तुलना केल्या, तर खरा परिणाम मुळीच नसताना निदान एक तुलना सार्थक ठरण्याची शक्यता सुमारे २३ टक्के होते. पाच रंग वापरून त्यांतील एकाच यशस्वी रंगाचा उल्लेख करणे म्हणजे या २३ टक्क्यांचा लाभ उठविणे होय. यावर उपाय साधा आहे. कोणती तुलना करणार, किती प्रयुक्त घेणार आणि काय अपेक्षित आहे, हे प्रयोगापूर्वीच प्रयोगवहीत तारखेसह लिहून शिक्षकांची स्वाक्षरी घ्यावी. फरक आढळला नाही तर तसेच लिहावे. 'प्रयोग फसला' असा शेरा अशा वेळी प्रयोगवहीत येतो, तो अन्यायकारक आहे. नीट केलेल्या प्रयोगात परिणाम न आढळणे हीही माहितीच असते. मात्र ३६ प्रयुक्तांत फरक दिसला नाही यावरून तो अस्तित्वातच नाही, असेही म्हणता येत नाही. फार तर तो मोठा नसावा, एवढेच म्हणता येईल.

अध्ययनाच्या दृष्टीने महत्त्व

विद्यार्थ्याच्या हाती यातून काय लागते? डनलॉस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा तंत्रांचा आढावा घेतला. मजकूर अधोरेखित करणे व रंगविणे यांची उपयुक्तता त्यांनी कमी ठरविली. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अनेक दिवसांत विभागून करणे, ही दोन तंत्रे मात्र त्यांनी सर्वाधिक उपयुक्त ठरविली. रोडिगर व कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर पाहता पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. एका आठवड्यानंतर मात्र वाचण्याऐवजी आठवून लिहिणारे विद्यार्थी पुढे गेले. रंगविलेले पान पुन्हा पाहताना ओळखीचे वाटते आणि आपल्याला ते येते असा भास होतो. ती प्रत्यभिज्ञा असते. परीक्षेत प्रत्यावाहन करावे लागते. प्रश्नपत्रिका काळ्या शाईत असते, तेथे वहीतील गुलाबी रेघ मदतीला येत नाही.

क्रेक व टुल्विंग यांनी १९७५ मध्ये दाखविलेली गोष्ट येथे लागू पडते. शब्दाच्या बाह्य रूपाविषयी विचार करणाऱ्यांपेक्षा त्याच्या अर्थाविषयी विचार करणाऱ्यांना तो शब्द अधिक लक्षात राहतो. त्यांच्या प्रयोगात रूपाविषयीचा प्रश्न इंग्रजीतील मोठ्या व लहान अक्षरांचा होता. देवनागरीत तसा भेद नसल्याने 'या शब्दात वेलांटी आहे काय?' असा प्रश्न विचारून हा प्रयोग मराठीत सहज करता येतो. रंग हे बाह्य रूपच आहे. तो निवडताना विद्यार्थ्याने 'या परिच्छेदात कारण कोणते आणि परिणाम कोणता?' असा विचार केला असेल, तर लाभ त्या विचाराचा असतो. रंग ही त्याची खूण असते.

आपल्या परंपरेतही याचे एक उदाहरण आहे. वेदपाठ शतकानुशतके मुखोद्गत राहिला, तो शाई व रंग यांच्या साहाय्याविना. जटापाठात पहिले व दुसरे पद म्हणून, त्यांचा क्रम उलटवून, पुन्हा सरळ म्हटले जाते. घनपाठात ही गुंफण अधिक दाट होते. तेथे प्रत्येक पद निरनिराळ्या क्रमांनी पुनःपुन्हा आठवावे लागते, म्हणजे पाठक सतत स्वतःची चाचणीच घेत असतो. त्याचा हेतू अर्थग्रहणाचा नसून पाठाच्या अचूकतेचा होता हे मान्य करूनही, वारंवार केलेल्या प्रत्यावाहनाचे सामर्थ्य त्यातून दिसून येते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एकसारख्या मजकुरात मोजकाच शब्द वेगळ्या रंगात असेल तर तो अधिक लक्षात राहतो, परंतु हा लाभ वेगळेपणाचा आहे. रंग वर्गीकरणाची खूण म्हणून वापरल्यास तो मांडणीस साहाय्य करू शकेल, आणि हे मराठी साहित्यावर तपासून पाहण्याजोगे आहे. संपूर्ण मजकूर लाल वा निळा केल्याने स्मरण वाढते, या दाव्यास विश्वसनीय आधार मिळालेला नाही.

म्हणून शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या हातून रंगीत पेन काढून घेण्याची गरज नाही. एका पानावर एक-दोनच खुणा करावयास सांगाव्यात. नंतर वही मिटून त्या पानावरील आशय कोऱ्या कागदावर लिहून काढावयास सांगावा. कागद कोरा राहिला, तर अभ्यास अद्याप बाकी आहे असे समजावे. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठीही हाच विषय घ्यावा, मात्र जे आढळेल ते, फरक दिसो वा न दिसो, जसेच्या तसे नोंदवावे. आसपासच्या महाविद्यालयांनी एकाच मांडणीने हा प्रयोग करून आपले सर्व निष्कर्ष एकत्र आणले, तर लहान वर्गांतूनही विश्वासार्ह ज्ञान उभे राहू शकेल.